झुऑलॉजीला आलात? आधी अंड्यावर तारीख आणि वेळ लिहायला शिका

बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलामुलींचे मेसेज येत असतात, ताई एंडोक्राइनॉलॉजी (हार्मोनचं शास्त्र) आणि डेव्हलपमेंटल बायोलॉजी (अंड्यापासून जीव कसा घडतो ते) दोन्ही डोक्यावरून जातंय, कितीही पाठ केलं तरी परीक्षेत सगळं एकमेकांत मिसळतं, काय करू. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. माझं घर दांडिया बाजारात, शिक्षण सगळं बडोद्यातच झालं, पुढे काही वर्षं रिसर्च लॅबमध्ये होते आणि आता आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) एम्ब्रियॉलॉजिस्टचं, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण सांभाळायचं काम करते.

एवढ्या वर्षांत मला जे कळलं ते एकच आहे, हे दोन्ही विषय वेळेचे आहेत. कुठलं हार्मोन कुठून येतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण कधी येतं आणि किती वेळ राहतं हे कोणी विचारतच नाही आणि गोंधळ तिथेच होतो.

हे मला शिकवलं मे महिन्याने. हॅचरीतून फर्टाइल अंडी आली शुक्रवारी दुपारी, चिक एम्ब्रियोचे (कोंबडीच्या भ्रूणाचे) स्लाइड करायचे होते, आणि मी विचार केला की इन्क्युबेटरमध्ये सोमवारी ठेवू, तोपर्यंत ट्रे बाहेर पॅसेजमध्ये राहू दे, इन्क्युबेटरमध्ये ठेवल्याशिवाय थोडंच काही सुरू होणार आहे. सोमवारी लॅबमधले काका ट्रे बघून म्हणाले, "बेन, ईंडां बे दिवस बहार रह्यां?" (ताई, अंडी दोन दिवस बाहेर राहिली?) मी हो म्हटलं आणि ठेवली अंडी आत. 33 तासांनी फोडली तर एकाचं दुसऱ्याशी जुळेना, काही मेलेली, काहींची प्रिमिटिव्ह स्ट्रीक (शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ) वाकडी, एक-दोन भलतीच पुढे गेलेली. सर रागावले नाहीत, त्यांनी मला बसवून समजावलं की कोंबडी अंडं घालते तेव्हाच त्यात हजारो पेशी झालेल्या असतात, कारण जवळजवळ एक दिवस ते तिच्या ओव्हिडक्टमध्ये (अंडनलिकेत) उबेतच असतं. मग थंड जागी ते थांबतं. साधारण 20-21 अंशांच्या वर गेलं की परत हळूहळू सुरू होतं, आणि बडोद्याच्या मेमध्ये पॅसेज म्हणजे चाळिशीच्या घरात. त्या दोन दिवसांत माझी अंडी थांबलेली पण नव्हती आणि नीट वाढत पण नव्हती. तेव्हापासून अंडी आली की 15 अंशांच्या आसपास ठेवायची, आणि प्रत्येकावर पेन्सिलने आलेली तारीख आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवल्याची वेळ लिहायची ही सवय लागली ती आजतागायत आहे. (दुकानातली अंडी आणू नका, लेयर फार्मवर कोंबडा नसतो, त्यात काहीच वाढणार नाही.)

आता प्रॅक्टिकलचं सांगते, कारण ह्याच ठिकाणी सगळे एम्ब्रियो फाडून ठेवतात. अंडं अर्धा तास आडवं ठेवा, एम्ब्रियो वर येतो. सिरिंजने खालच्या बाजूने अंड्यातला दोन-तीन मिली पांढरा भाग काढून घ्या म्हणजे तो कवचापासून सुटून खाली बसतो, मग वर खिडकी कापा. फिल्टर पेपरची रिंग बरोबर एम्ब्रियोभोवती ठेवायची, बाहेरून कात्रीने कापायचं, आणि रिंगसकट उचलून वॉच ग्लासमधल्या कोमट सलाइनमध्ये. कोमट लिहिलंय ते उगाच नाही. 48 तासांचा एम्ब्रियो असेल तर हृदय धडधडताना दिसतं, साध्या डोळ्यांना लाल ठिपका उघडमीट करताना दिसतो, आणि सलाइन गार झालं की ते तुमच्यासमोर मंद होत जातं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्टेनिंगचं विसरून नुसती बघत बसले होते. बोरॅक्स कारमाइनचं स्टेनिंग नंतर करा, आधी सोमाइट (मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे जोडीजोडीचे ठोकळे) मोजा. दर दीड तासाला साधारण एक जोडी वाढते, त्यामुळे एम्ब्रियोचं खरं वय त्याच्या सोमाइटवर लिहिलेलं असतं, तुमच्या वहीत काहीही असो. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये चिक एम्ब्रियोच्या स्टेज तासांवर न ठरवता दिसण्यावर ठरवल्या त्या ह्याचसाठी.

हार्मोनचं पण असंच बघा. जीएनआरएच हे हार्मोन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून तासा-दीड तासाने झटक्याझटक्याने येतं. तेच सतत देत राहिलं तर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ऐकणं बंद करते, तिची एलएच आणि एफएसएच ही अंडाशयाला चालवणारी हार्मोन्स खाली जातात. हार्मोन तेच, फक्त वेळ बदलली आणि परिणाम उलटा. आमच्या आयव्हीएफमध्ये अवेळी ओव्ह्युलेशन (अंडं सुटणं) होऊ नये म्हणून ह्याचाच उपयोग करतात. इस्ट्रोजेन पण चक्रात बहुतेक दिवस एलएचला दाबून ठेवतं, आणि तेच भरपूर वाढून दोनेक दिवस टिकलं की एलएचचा सर्ज (एकदम उसळी) आणतं. हे एकदा समजलं की फीडबॅकचे बाण पाठ करावे लागत नाहीत. उंदराच्या मादीच्या व्हजायनल स्मिअरला पण रोज एकाच वेळी जा, चार-पाच दिवसांचं चक्र आहे, सकाळ-संध्याकाळचा घोळ केलात तर प्रोइस्ट्रस (ओव्ह्युलेशनच्या आधीचा टप्पा) हातातून निसटून जाईल.

करिअरचं थोडक्यात. नेट परीक्षेची तयारी करा पण लॅबची सवय सोडू नका. गायी-म्हशींचं एम्ब्रियो ट्रान्सफर आवडत असेल तर आणंद इथून जवळच आहे. माशांत रस असेल तर 1957 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पिट्युटरीचं इंजेक्शन देऊन आपल्या कार्पची पिल्लं नदीबाहेर मिळवली ते नक्की वाचा, मत्स्यबीजाचा एवढा मोठा धंदा त्यातून उभा राहिला. आयव्हीएफमध्ये यायचं असेल तर 2021 चा एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांचा) कायदा आणि त्यातले एम्ब्रियॉलॉजिस्टच्या पात्रतेचे नियम आधी वाचा, मग कोर्सला पैसे भरा, खूप जण उलटं करतात. आणि हे काम घड्याळाचं आहे, इक्सी (अंड्यात एकच शुक्राणू सुईने सोडणं) केल्यावर 16-18 तासांनी दोन प्रोन्यूक्लिआय (आई-बापाकडचे एकेक केंद्रक) बघायचे म्हणजे बघायचेच, मग रविवार असो की नवरात्र.

लॅब नाही, उंदीर नाहीत असं म्हणू नका. आपल्या पोळांतल्या (जुन्या गल्ल्यांतल्या) जुन्या घरांत खिडकीत कबुतरं असतातच, आई वैतागते पण ह्या वर्षी एक घरटं राहू द्यायला सांगा. पहिलं अंडं, मग साधारण 40-44 तासांनी दुसरं, दोन्ही तारखा वेळेसकट लिहा. उबवायला नर पण बसतो, दिवसा बहुतेक तोच असतो. ह्याच दिवसांत दोघांच्याही प्रोलॅक्टिन या हार्मोनमुळे क्रॉपचं (गळ्यातल्या अन्नपिशवीचं) अस्तर जाड होत जातं, आणि सतरा-अठराव्या दिवशी पिल्लू बाहेर येतं तेव्हा दोघांकडेही क्रॉपचं दूध तयार असतं. पहिले तीन-चार दिवस पिल्लाला दुसरं काहीच मिळत नाही. लांबूनच बघा, अंड्याला हात लावू नका, आणि वही खिडकीपाशीच ठेवा.