रेकॉर्डवरून छोट्या कंपनीचा इतिहास कसा काढायचा

एचएमव्ही या बड्या रेकॉर्ड कंपनीवर भरपूर लिहून झालंय. माझा जीव छोट्या कंपन्यांत. मुंबईची 'यंग इंडिया' घ्या : १९३५ साली सुरू झाली, कारखाना वडाळ्याला. चोरबाजारात तिची ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जुनी तबकडी दिसली की मी गाणं कुणाचं हे नंतर बघतो.

आधी धूळ काढा. कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश. लेबल कोरडं ठेवायचं. स्पिरिट अजिबात नको, या तबकड्या लाखेच्या असतात, लाख त्यात विरघळते आणि तबकडी कायमची जाते. दुकानदार काहीही सांगो!

आता दोन आकडे शोधा. लेबलवर छापलेला कॅटलॉग क्रमांक बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात मॅट्रिक्स क्रमांक असतो आणि तो प्रत्येक बाजूचा वेगळा. बॅटरी आडवी धरा, तरच दिसेल. खरा ऐवज हाच, कारण तो ध्वनिमुद्रणाचा क्रम सांगतो. कॅटलॉग सांगतो विक्रीचा.

वहीत तबकडीच्या प्रत्येक बाजूला एक ओळ द्या आणि ओळी मॅट्रिक्स क्रमांकाप्रमाणे लावा. मग साल कसं कळणार? यादीत चित्रपटगीतं असतील, तर त्या चित्रपटांच्या प्रदर्शनाची वर्षं लिहा. मधल्या तबकड्या आपोआप त्यांच्या आसपास बसतात. लेबलचा रंग किंवा पत्ता बदलला तर तीही नोंद करा, कंपनीची घडामोड तिथेच सापडते. अडलात तर १९९० पासून मुंबईत चालणाऱ्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या मंडळींना गाठा. वही सोबत न्या.