मध्यांच्या असमानता वापरताना या चुका टाळा

धन संख्यांचा अंकगणितीय मध्य (म्हणजे सरासरी) त्यांच्या भूमितीय मध्यापेक्षा (दोन संख्या असतील तर गुणाकाराचे वर्गमूळ, तीन असतील तर घनमूळ) लहान नसतो, हे विधान विद्यार्थी एका दिवसात पाठ करतात आणि दुसऱ्याच दिवशी ते दिसेल त्या राशीला लावू लागतात. मग बरोबरीची अट, म्हणजे सर्व संख्या समान असतील तरच दोन्ही मध्य समान होतात ही गोष्ट, तपासायची राहून जाते, आणि उत्तरपत्रिकांमध्ये ही चूक मला सर्वाधिक वेळा भेटली आहे.

अ आणि ब धन असून अ + ब = १ असेल, तर (अ + १/अ)(ब + १/ब) या राशीची किमान किंमत काढा, असे उदाहरण मी एकदा फळ्यावर दिले. वर्गातील सर्वांत तल्लख मुलाने लगेच सांगितले की प्रत्येक कंस किमान २ आहे, म्हणून गुणाकार किमान ४. बाकीच्यांनी ते उतरवूनही घेतले. ज्या किमतींना ४ येतात त्या अ आणि ब यांच्या किमती दाखव, एवढेच मी त्याला म्हणालो. बराच वेळ तो किमती घालून पाहत राहिला आणि ६.२५ च्या खाली एकदाही गेला नाही, कारण ४ येण्यासाठी अ आणि ब दोन्ही १ असावे लागतात आणि मग त्यांची बेरीज १ राहत नाही. गुणाकार ४ पेक्षा मोठा असतो हे त्याचे म्हणणे खरे होते. परंतु ती केवळ खालची मर्यादा आहे, किमान किंमत नव्हे. कंस सोडवले की अब + १/(अब) + अ/ब + ब/अ मिळते. शेवटच्या दोन पदांची बेरीज किमान २ असते. अब हा १/४ पेक्षा मोठा होत नाही, आणि ० ते १ या टप्प्यात संख्या वाढली की ती संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज घटते, म्हणून पहिली दोन पदे मिळून किमान १७/४ होतात. उत्तर २५/४, बरोबरी अ = ब = १/२ असताना.

म्हणून बरोबरी कोठे येईल याचा अंदाज मी आधी समासात लिहितो आणि प्रत्येक पायरी त्या किमतींना ताडून पाहतो. क्ष धन असताना क्ष² + १६/क्ष या राशीत दोनच पदे घेतली तर त्यांच्या गुणाकारात क्ष उरतो आणि ठराविक मर्यादा मिळत नाही; १६/क्ष चे ८/क्ष असे दोन समान भाग केले की क्ष = २ ला तिन्ही पदे समान होतात आणि किमान किंमत १२ मिळते.

दुसरी चूक छेदातली. अ, ब, क धन आणि त्यांची बेरीज ३ असताना अ/(१+ब²) + ब/(१+क²) + क/(१+अ²) ≥ ३/२ सिद्ध करायचे असते, आणि घाईतला विद्यार्थी छेदात १+ब² ≥ २ब घालतो; त्याने अपूर्णांकाची वरची मर्यादा मिळते, जिचा येथे काही उपयोग नाही. मी तेच पद अ − अब²/(१+ब²) असे लिहितो, म्हणजे वजा चिन्हामुळे तीच असमानता योग्य दिशेने काम करते आणि पद किमान अ − अब/२ ठरते. अब + बक + कअ ही बेरीज ३ पेक्षा मोठी नसल्यामुळे पुढचे एका ओळीत संपते.

ऋण संख्यांना हे प्रमेय लावू नये: −१ आणि −४ यांचा अंकगणितीय मध्य −२.५ आहे, तर गुणाकाराचे वर्गमूळ २.

राशी सममित (चलांची अदलाबदल केली तरी न बदलणारी) दिसली की सर्व चल समान धरून उत्तर लिहिण्याची पळवाट मला मुळीच मान्य नाही. अब = १ असताना (अ + ब − ३)² ची किंमत अ = ब = १ ला १ येते, पण अ + ब = ३ करणाऱ्या धन किमती अस्तित्वात आहेत आणि तेथे ती ० होते.