जपानच्या वेगवेगळ्या प्रांतांतली साके कशी पारखावी

साकेच्या, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या जपानी मद्याच्या, चार बाटल्या मांडून एकेक घोट घेतला की फरक लगेच जाणवतो. पण तो फरक प्रांताचाच असेल असं नाही. एका बाटलीसाठी तांदूळ निम्मा सडलेला (म्हणजे दाण्याचा बाहेरचा भाग घासून काढलेला), दुसरीसाठी जेमतेम तीस टक्के, तिसरीत वरून अल्कोहोल घातलेलं, चौथी अजिबात न तापवता भरलेली. अशा चौघींच्या तुलनेतून बनवण्याच्या पद्धती कळतील, प्रदेश नाही. म्हणून या कामातला सगळ्यात मोलाचा भाग बाटली उघडण्याआधीच उरकतो.

पहिली पायरी: बाटल्या निवडा

चारही बाटल्या एकाच दर्जाच्या घ्या. माझा आग्रह ‘जुनमाई’चा आहे. जुनमाई म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी नावाची बुरशी आणि यीस्ट यांखेरीज काहीही नसलेली साके. लेबलावर तांदूळ सडल्यानंतर दाण्याचा किती भाग उरला त्याची टक्केवारी असते, तिला ‘सेइमाइबुआइ’ म्हणतात. हा आकडा उरलेल्या दाण्याचा आहे हे नीट लक्षात ठेवा: ६० म्हणजे ४० टक्के दाणा कोंडा होऊन गेला. चारही बाटल्यांचा आकडा ६० ते ७० च्या दरम्यान असू द्या. ५० किंवा त्याहून कमी आकड्याची ‘दाइगिंजो’ या बैठकीत नको. तिचा फळांसारखा सुगंध इतका पुढे येतो की पाणी आणि तांदूळ मागेच राहतात. न तापवलेली ‘नामा’ आणि पाणी न मिसळलेली ‘गेन्शू’ही बाजूला ठेवा. साधारण साकेत १५-१६ टक्के अल्कोहोल असतं, गेन्शूत त्याहून बरंच जास्त असू शकतं.

प्रांत हे चार घ्या: कोबेजवळचं नादा, क्योतोतलं फुशिमी, हिरोशिमातलं साइजो आणि उत्तरेकडचं निईगाता. नादाची किकुमासामुने किंवा हाकुत्सुरु, फुशिमीची गेक्केइकान, साइजोची कामोत्सुरु, निईगाताची हाक्काइसान किंवा कुबोता ही नावं जपानबाहेरही भेटतात. मात्र मागचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. गेक्केइकान कॅलिफोर्नियातही साके बनवते आणि ती बाटली फुशिमीचं पाणी दाखवणार नाही. जपानी तांदळापासून जपानमध्येच बनलेल्या साकेलाच ‘निहोनशू’ म्हणता येईल, असं भौगोलिक संरक्षण २०१५ पासून लागू आहे.

३०० मिलीच्या छोट्या बाटल्या मिळाल्या तर उत्तम. चार जणांना प्रत्येकी ३० मिली असे दोन फेरे होतात आणि जेवणासाठीही थोडी उरते. महाराष्ट्रात बसणार असाल तर कायद्यानं ठरलेलं वय आणि मद्यसेवनाचा परवाना हे आधी पाहून घ्या.

दुसरी पायरी: काय शोधायचं ते जाणून घ्या

नादाचं पाणी जड. तिथल्या ‘मियामिझु’ झऱ्याचं महत्त्व १८४० मध्ये ध्यानात आलं. त्यात कॅल्शियम, पोटॅशियम, फॉस्फरस भरपूर आणि साकेचा रंग व चव बिघडवणारं लोह अगदी नगण्य. ही खनिजं यीस्टला पोसतात, आंबण्याची क्रिया जोमानं होते, साखर जास्त खर्ची पडते आणि साके ताठ, कोरडी उतरते. फुशिमीचं पाणी त्यामानानं मऊ, म्हणून आंबणं सावकाश आणि चव गोलसर. नादाची साके पुरुषी आणि फुशिमीची बायकी, असं जपानी लोक पूर्वापार म्हणत आले आहेत. हिरोशिमाचं पाणी तर इतकं मऊ की तिथे चांगली साके होणं अवघड मानलं जाई. मिउरा सेन्झाबुरो यांनी कोजी आणि तापमान सांभाळत मऊ पाण्यातून साके आंबवण्याची पद्धत बसवली आणि १८९८ मध्ये ती छापून सगळ्यांसाठी खुली केली. आज साइजोच्या गल्ल्यांत साकेच्या भट्ट्यांची जी धुराडी दिसतात, त्यांच्यामागे या माणसाचं ऋण आहे.

आता निईगाता पाहा. तिथेही बर्फाचं मऊ पाणी, तरी साके हलकी आणि कोरडी! गोह्याकुमान्गोकु हा तिथला तांदूळ आंबताना कमी विरघळतो आणि थंडीत आंबणं संथपणे होतं, त्यामुळे चव स्वच्छ राहते. म्हणूनच ‘पाणी मऊ तर साके गोड’ असा सरळ हिशेब मांडू नका. शिवाय १९३६ मध्ये नाव मिळालेला ह्योगो प्रांताचा यामादा निशिकी तांदूळ देशभरातल्या भट्ट्या मागवतात. एखाद्या बाटलीचा तांदूळ शेजारच्या शेतातला असेलच असं नाही.

तिसरी पायरी: मांडामांड

जपानी परीक्षक ‘किकिचोको’ नावाचा पांढरा चिनी मातीचा पेला वापरतात. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात. पांढऱ्यावर रंग कळतो, निळ्याच्या कडेवर गढूळपणा. घरी वाइनचे छोटे ग्लास चालतील, पण सगळे एकसारखे हवेत. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना क्रमांक द्या आणि ओतण्याचं काम न चाखणाऱ्या माणसाकडे सोपवा. नाव दिसलं की जीभ नावाचंच ऐकते.

साके १५ ते २० अंशांवर चाखा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान अजिबात उपयोगाचं नाही, फ्रिजमधून काढून थोडा वेळ थांबायचं, इतकंच. खोलीत अगरबत्ती, अत्तर, फोडणीचा वास नको.

चौथी पायरी: चाखणं

आधी वास. पिकलेलं केळं, सफरचंद, खरबूज यांसारखं काही येतं का? की ताजा शिजलेला भात, ताक? जुन्या ‘किमोतो’ पद्धतीत लॅक्टिक आम्ल नैसर्गिकरीत्या तयार होऊ देतात, तिथे दह्या-ताकाची छटा सापडू शकते.

मग अर्धा चमचा तोंडात घ्या, जिभेवर पसरू द्या, ओठांतून थोडी हवा आत ओढा. गोडी, आंबटपणा, तुरटपणा, कडवटपणा आणि रश्श्यातल्या उमामीसारखा भरीवपणा, एकेकाकडे लक्ष द्या. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर (परीक्षक थुंकतातच, तुम्हीही थुंका) चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. माझ्या मते प्रांताची ओळख इथेच सगळ्यात स्पष्ट असते. निईगाताची चव पटकन पुसली जाते, नादाची एक कडक रेघ ओढून थांबते.

दोन साकेंच्या मध्ये पाण्याचा घोट घ्या. सोबतच्या या पाण्याला जपानीत ‘यावारागी मिझु’ म्हणतात. चारही झाल्या की उलट्या क्रमानं पुन्हा चाखा, कारण पहिला घोट नेहमी जास्त उग्र लागतो. प्रत्येकीबद्दल स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहा. ‘कच्च्या पेरूसारखी’ हे ‘फ्रूटी’पेक्षा कितीतरी चांगलं. नंतरच कागद काढा आणि लेबलावर ‘निहोनशूदो’ दिला असेल तर तो वाचा. अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोड. आंबटपणा जास्त असेल तर उणे आकड्याची साकेही कोरडी भासते, त्यामुळे आकड्याला जिभेवर वरचढ होऊ देऊ नका.

पाचवी पायरी: गरम करून पाहा

ही पायरी गाळू नका. गॅस बंद केलेल्या गरम पाण्यात साकेचं भांडं ठेवून तापमान ४० अंशांवर आणा, याला ‘नुरुकान’ म्हणतात. मग ५० अंशांवर, ‘आत्सुकान’. नादाची किमोतो इथे उमलते आणि थंड असताना बोचणारा आंबटपणा मुरून जातो. सोबत मीठ लावून भाजलेला बांगडा ठेवा. जपानात त्याचाच भाऊबंद असलेला ‘साबा’ मासा असाच भाजतात. तिखट कालवण मात्र चारही साके एकसारख्या करून टाकतं.

पुढच्या बैठकीत प्रांत सोडून तांदूळ बदला: एकाच भट्टीची यामादा निशिकी आणि ओमाचीची जुनमाई शेजारी ठेवा. १८५९ मध्ये सापडलेला ओमाची आज बहुतेक ओकायामातच पिकतो. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून उभं राहिलं, तिचंच हे गाव.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, उजेडापासून दूर, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा. त्यानंतर चव उतरलीच तर ती माशांना चोळायला वापरा, हिंवस वास छान जातो.