गहाळ पॅकेज शोधायला बसण्याआधी: कंटेनर इमेजच्या बिल्डची तयारी

बिल्ड (कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्रामसकट त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं, तयार करण्याचं काम) फुटला की नजर जाते शेवटच्या ओळीवर, आणि तिथे बहुधा नुसता 'एक्झिट कोड १' नाहीतर '१००' असतो. म्हणून आधी लॉग पुरता हाती घ्या. बिल्डच्या कमांडला 'प्रोग्रेस'साठी 'प्लेन' हा पर्याय लावा, सगळं फाइलमध्ये उतरवा आणि वरून खाली वाचत पहिला एरर गाठा. पुढचे बरेचसे एरर त्याचीच पिल्लं असतात.

मग बेस इमेज (जिच्यावर तुमची इमेज उभी राहते ती) नेमकी कोणती, हे नक्की करा. टॅग (इमेजच्या आवृत्तीचं नाव) 'लेटेस्ट' किंवा नुसता 'स्लिम' (कमी पॅकेजांची लहान इमेज) असेल तर कालचा बेस आज तोच असेल याची खात्री नाही. इटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाइल वाचली की आवृत्ती कळते. डेबियन या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीतलं लिबएसएसएल१.१ हे पॅकेज डेबियन १२ मध्ये नाही, तिथे लिबएसएसएल३ आहे. जुन्या ट्यूटोरियलमधली ओळ तशीच चिकटवली की 'अनेबल टू लोकेट पॅकेज' ठरलेलं. रिलीजची मुदतच संपली असेल तर नाव बरोबर असूनही पॅकेज मिळत नाही. सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत ३० जून २०२४ ला संपली, त्याची पॅकेजं आता व्हॉल्ट या जुन्या संग्रहात आहेत. रिपॉझिटरीचा (पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्याचा) पत्ता बदलून वेळ मारून नेता येते, पण बेस बदललेला बरा.

एपीटी या डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाचं 'अपडेट' आणि 'इन्स्टॉल' बिल्डच्या फाइलमधल्या एकाच 'रन' ओळीत लिहिलंय ना, तेही बघा. डेबियनच्या इमेजमध्ये पॅकेजांची यादी मुळात रिकामी असते. 'अपडेट' वेगळ्या 'रन'मध्ये असेल तर तो लेयर (त्या ओळीने बनलेला इमेजचा थर) कॅशमधून, म्हणजे आधीच्या बिल्डमधून साठवलेला, येतो, यादी शिळी राहते आणि रिपॉझिटरीतून हटलेली आवृत्ती मागितली जाते. 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' (शिफारस केलेली जोड-पॅकेजं टाळणारा पर्याय) वापरत असाल तर सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज नाव घेऊन मागा, नाहीतर कर्ल (नेटवरून फाइल आणणारी कमांड) येईल पण एचटीटीपीएसवर अडेल.

खरी मेहनत पुढे आहे. एररमध्ये फाइलचं नाव असतं, पॅकेजचं नसतं. पायथनचं सायकोपीजी२ (पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) सोर्समधून बांधताना 'पीजी_कॉन्फिग' सापडत नाही अशी तक्रार येते, पण त्या नावाचं पॅकेज शोधून काही मिळत नाही. डेबियनवर एपीटी-फाइल (कोणती फाइल कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते सांगणारी कमांड) टाका, तिचं स्वतःचं 'अपडेट' चालवा आणि ते नाव शोधा: लिबपीक्यू-डेव्ह हाती लागेल. फेडोरा लिनक्सवर हेच काम 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' करतं. तक्रार '.एच' (हेडर) फाइलची असेल तर डेबियन आणि अल्पाइन लिनक्सवर 'डेव्ह' शेपटीचं पॅकेज लागतं, फेडोरावर 'डेव्हल'चं. स्लिममध्ये जीसीसी हा कंपायलर नसतो, तो वेगळा घ्या. मात्र पायथनच्या अधिकृत इमेजमध्ये एपीटीने पायथन३-डेव्ह टाकू नका. हेडर्स तिथे यूएसआर-लोकलमध्ये आधीच असतात, आणि त्या पॅकेजासोबत डेबियनचा दुसराच पायथन घरात शिरतो.

बेस अल्पाइन असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी ठेवा: प्रोग्राम ज्या मूळ सी लायब्ररीवर चालतात ती तिथे जीलिबसी नाही, मसल आहे. 'मेनीलिनक्स' व्हील (जीलिबसीसाठी आधीच बांधलेली पायथनची पॅकेजं) तिथे चालत नाहीत. 'मसललिनक्स' व्हील नसेल तर पिप (पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड) सोर्स बांधायला घेतो आणि कंपायलरपासून सगळंच मागतो. जीलिबसीसाठी बांधलेली बायनरी समोर दिसत असूनही 'नो सच फाइल' म्हणते, कारण गहाळ असतो तिला चालू करणारा लोडर.

मल्टी-स्टेज बिल्ड (एका टप्प्यात बांधायचं, दुसऱ्यात फक्त चालवायचं) असेल तर दोन वेगळ्या याद्या करा. बांधायला लिबपीक्यू-डेव्ह आणि जीसीसी, चालवायला फक्त लिबपीक्यू५. दुसरी यादी विसरली की बिल्ड हिरवा होतो आणि कंटेनर सुरू होताच कोसळतो. शेवटच्या स्टेजमध्ये '.एसओ' (लायब्ररीच्या) फाइलवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवून 'नॉट फाउंड' शोधा. चालू असताना डीएलओपन या फंक्शनने उघडल्या जाणाऱ्या लायब्ररी एलडीडीला दिसत नाहीत, म्हणून त्याच स्टेजच्या शेवटी मॉड्यूल इम्पोर्ट करणारी एक 'रन' ओळ ठेवा.