मुलाचं प्रकरण दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करताय? या चुका टाळा

बाल कल्याण समिती म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती. तिचा वर्ग आदेश, म्हणजे मुलाचं प्रकरण दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवण्याचा आदेश, म्हणजे नुसतं जावक क्रमांक टाकून पाकीट रवाना करणं, अशा समजुतीत नवे संरक्षण अधिकारी आणि संस्थांचे समाजसेवक कामाला लागतात. पाकिटासोबत एक मूलही जात असतं. चुका त्याच त्या असतात, आणि त्यातल्या दोन तर पाठ झाल्यासारख्या होतात.

आधारवरचा पत्ता म्हणजे घर, हे धरून चालणं

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ९५ सांगतं की मूल कार्यक्षेत्राबाहेरचं निघालं तर रीतसर चौकशी करा, त्याचं हित पाहा, तिकडच्या समितीशी विचारविनिमय करा आणि मग वर्ग करा. घाईतला माणूस यातलं ‘वर्ग करा’ तेवढंच वाचतो.

ऊसतोडीच्या हंगामात याचा हमखास नमुना बघायला मिळतो. डिसेंबरात कोल्हापूर किंवा मिरज स्टेशनावर नऊ-दहा वर्षांचा मुलगा सापडतो. आधारवर पत्ता बीड जिल्ह्यातल्या गावाचा. दुसऱ्या दिवशी टिपणी तयार: ‘मूळ जिल्ह्यात वर्ग करण्यास हरकत नाही.’ तिकडे गृहचौकशीला गेलेला माणूस दाराला कुलूप बघून ‘कुटुंब आढळून आले नाही’ असं लिहून परततो. आई-बाप असतात शिरोळच्या उसाच्या फडावर, कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत), मूल सापडलं त्या स्टेशनापासून तासाभराच्या अंतरावर. पोराला मात्र तीनशेहून जास्त किलोमीटर लांबच्या बालगृहात नेऊन ठेवलेलं असतं. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो म्हणजे हंगाम संपतो, ऊसतोड्यांची टोळी गावी परतते, तेव्हा कुठे गाठ पडते. मधल्या काळात ‘कुटुंब आढळून आले नाही’ हे वाक्य फाइलमध्ये बसून राहतं. पुढचा वाचणारा त्यावरून पालक सोडून गेले असा अर्थ काढतो आणि कलम ३८ची, म्हणजे मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं जाहीर करण्याची भाषा सुरू होते. दोन वर्षांवरच्या मुलाला त्यासाठी चार महिन्यांची मुदत आहे. हंगाम त्याहून लांबू शकतो.

अशा मुलाला ‘तुझं घर कुठं?’ विचारून उपयोग नाही. मुकादमाचं (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचं) नाव काय, ऊस ट्रॅक्टरनं जातो की बैलगाडीनं, शेजारच्या कोपीत कोण राहतं, हे विचारा. मुकादमाचं नाव मिळालं की कारखान्याच्या शेती विभागाला फोन लावा. टोळीचा करार मुकादमाच्या नावावर असतो, आणि टोळी आज कोणत्या फडात आहे हे चिटबॉयला (फडावरच्या कारखान्याच्या माणसाला) माहीत असतं. आई-बाप भेटले, ओळख पटली आणि घरी धोका नाही अशी खात्री झाली, तर वर्ग करायची गरजच उरत नाही. ताबा पालकांना द्या आणि पाठपुराव्यासाठी आदेशाची प्रत मूळ जिल्ह्याला पाठवा.

ईमेल पाठवला म्हणजे विचारविनिमय झाला

उत्तर आलेलं नसताना शुक्रवारी सकाळी मूल गाडीत बसवायचं, हा प्रकार तर नेहमीचाच. रात्री नऊला गाडी पोहोचते, समितीचं दालन बंद. मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका म्हणते की आदेशाशिवाय घेणार नाही, वर मान्य संख्या भरलीय. सोबतची महिला पोलीस, आठ वर्षांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ दारातल्या बाकावर. भावाची सोय तर वेगळ्याच शहरातल्या शिशुगृहात, कारण बालगृह सहा वर्षांच्या पुढचं. दोन भावंडांची ताटातूट अशी रात्री साडेदहाला, बाकावर ठरते.

कायद्यानं समितीनं महिन्यात किमान वीस दिवस बसायचं असतं, म्हणजे उरलेले दिवस दालन बंद असू शकतं. एकट्या सदस्यासमोर मूल हजर करता येतं, पण त्या सदस्याचा नंबर आधी खिशात हवा. फोनवर चारच गोष्टी विचारायच्या: बैठक कोणत्या दिवशी, जागा कुठल्या संस्थेत, भावंडं एकत्र राहतील का, आणि पोचीवर सही कोण करणार. उत्तरं तारीख-वेळेसह रोजनाम्यात लिहायची. गुरुवारनंतर मूल रवाना करायचं नाही. हे कुठल्याही नियमात नाही, तरी पाळा.

एस्कॉर्टचा आदेश भलत्याच टेबलावर

आदेश विशेष बाल पोलीस पथकाच्या नावानं काढा, नुसता ‘पोलीस ठाणे’ म्हणून नको. आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मूल पोहोचवायचं असतं, म्हणून कार्यालयीन प्रतीवर त्यांचा आवक शिक्का घ्या, नाहीतर पंधरा दिवस कधी सुरू झाले यावरच वाद होतो. मुलगी असेल तर महिला पोलीस अधिकारी हवीच. पथक उपलब्ध नसेल तर संस्थेला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आदेश देता येतो. प्रवास भत्ता आगाऊ द्यायची तरतूद आहे, तो मागून घ्या.

कलम ९५ आणि ९६ची खिचडी

संस्थेत जड जाणारं पोर दुसऱ्या जिल्ह्याच्या बालगृहात धाडायचं आणि आदेशावर कलम ९५ ठोकायचं, ही सरळ पळवाट आहे. जिल्ह्याबाहेरची नुसती संस्थाबदली कलम ९६ मध्ये येते. तिथे समिती शिफारस करते, आदेश राज्य शासनाचा लागतो.

विधिसंघर्षग्रस्त बालक, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल, असेल तर बाल न्याय मंडळाची चौकशी पूर्ण होऊन अंतिम आदेश झाल्याशिवाय जिल्हा बदलायचा नाही.

पोक्सोचा (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचा) खटला मुलासोबत हलत नाही. तपासी अधिकारी, विशेष न्यायालय आणि सहाय्यक व्यक्ती (खटल्यात मुलाला मदत करायला नेमलेली) या तिघांना नवा पत्ता लेखी कळवा, नाहीतर समन्स जुन्या बालगृहात पडून राहतं.

फोटो आणि नाव व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘ओळख पटवण्यासाठी’ टाकू नका. कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शाळेचा दाखला मिळाला नाही म्हणून मूल अडवून ठेवू नका. दाखल्याला उशीर झाला या कारणावर शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश नाकारता येत नाही. औषधांअभावी मात्र खरंच अडतं: फिट्सच्या किंवा एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या चालू असतील तर महिनाभराच्या सोबत द्या, चिठ्ठीसकट.

फाइलला पानक्रमांक आणि अनुक्रमणिका हवी, आणि मूळ संचाची साक्षांकित प्रत मागे ठेवा. पोचीवर तिकडच्या समितीचा शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. बालगृहाच्या रखवालदाराकडे मूल सोपवून आलेल्या एस्कॉर्टची ‘सुखरूप पोहोचविले’ ही नोंद पोच म्हणून लावू नका.