टर्बो गाडीत मोठा फ्युएल पंप बसवताना या चुका टाळा

रांजणगावात तयार झालेल्या लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो, तसेच चाकणच्या पोलो जीटी टीएसआय या टर्बो पेट्रोल गाड्या पुण्यात आजही हौसेने सांभाळल्या जातात. रिमॅप करून (इंजिनाच्या संगणकातले सेटिंग बदलून) त्यांचे बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब, वाढवले की फ्युएल पंपाचा विषय हमखास निघतो. मागची सीट उचलायची, टाकीचे झाकण उघडायचे आणि पंप बदलायचा, इतके हे काम सोपे वाटते. परंतु पूर्ण बूस्टवर इंधन कमी पडले तर मिश्रण लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते), नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधले अनियंत्रित ज्वलन, सुरू होते आणि पिस्टनला इजा होईपर्यंत चालकाला पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर मोजमाप घेऊनच पुढे जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पहिली चूक म्हणजे दोष पंपाचाच आहे हे तपासून न पाहणे. गाडी शहरात नीट चालते, पण वरच्या आरपीएमला अडखळते, एवढ्यावरून पंपाला दोषी धरता येत नाही. तुंबलेला फिल्टर, गळणारा बूस्ट पाइप किंवा थकलेले स्पार्क प्लगही असेच लक्षण दाखवतात. डायनोवर (चाके रोलरवर फिरवून इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण लोड देऊन फ्युएल प्रेशरचा लॉग, म्हणजे नोंद, घ्यावा आणि प्रेशर खरोखर ढासळत असेल तरच खर्चाचा विचार करावा. पोलो जीटी टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत दोन पंप असतात: टाकीतला पंप काही बारच्या (बार हे दाबाचे एकक) दाबाने इंधन पुढे पाठवतो आणि कॅमशाफ्टवर चालणारा हाय-प्रेशर पंप ते शंभर बारच्या पलीकडे नेतो. अशा गाडीत दोन्ही ठिकाणचे प्रेशर पाहिल्याशिवाय टाकीतला पंप बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

दुसरी चूक खोक्यावरचा लिटरचा आकडा पाहून पंप निवडण्याची. ताशी 255 लिटर हा आकडा ठरावीक प्रेशरला आणि साधारण 13.5 व्होल्टला मोजलेला असतो. प्रेशर वाढले की प्रवाह घटतो. रेग्युलेटर (इंधनाचा दाब राखणारा भाग) मॅनिफोल्डशी (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांशी) जोडलेला असेल, मूळ प्रेशर 3 बार असेल आणि बूस्ट 1 बार असेल, तर पंपाला 4 बारविरुद्ध इंधन ढकलावे लागते. म्हणून कंपनीच्या आलेखातला 4 बारचा आकडाच आपल्या कामाचा. गरजेचा हिशोबही करता येतो. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे 0.27 किलो पेट्रोल लागते असे धरले, तर 200 अश्वशक्तीला 54 किलो, म्हणजे अंदाजे 73 लिटर होतात. ई20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असल्यामुळे त्यात सहा-सात टक्के वाढवावेत आणि वर वीस-पंचवीस टक्के राखीव ठेवावेत; तरी आकडा शंभर लिटरच्या आसपासच राहतो. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या गाडीत गरजेपेक्षा फार मोठा पंप लावला तर बारीक रिटर्न नळीतून जादा इंधन परत जाऊ शकत नाही, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) प्रेशर चढते, मिश्रण रिच होते (त्यात पेट्रोल जास्त होते) आणि सतत फिरणारे पेट्रोल तापते.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित भाग वायरिंगचा आहे. नवा पंप जुन्यापेक्षा जास्त करंट खेचतो, मात्र वायर, रिले आणि झाकणातल्या पिना जुन्याच राहतात. इंजिन चालू असताना आणि पंपावर लोड असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे आणि ते बॅटरीच्या टर्मिनलवरच्या आकड्याशी ताडून पाहावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तूट असेल तर बॅटरीपासून जाड वायर, वेगळा रिले आणि चांगले अर्थिंग द्यावे. जुनी वायर फक्त रिले चालवण्यासाठी ठेवावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे पूर्ण वायरला संरक्षण मिळते. कनेक्टरच्या एखाद्या पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले, तर तिथे उष्णता साचते आहे असे समजावे. पंपाचा वेग कंट्रोल मॉड्यूल ठरवत असेल, तर ते मॉड्यूल नव्या पंपाचा करंट पेलू शकते का, हे आधी विचारावे, नाहीतर ते जळते.

टाकीच्या आतली नळीही तितकीच महत्त्वाची आहे. साधी पेट्रोलची नळी आतून इंधन सहन करते, बाहेरून नाही. पेट्रोलमध्ये बुडून राहिली की तिचे बाह्य आवरण फुगते, मऊ होते आणि क्लॅम्पजवळून चीर पडते. अशा वेळी गळती टाकीतल्या टाकीतच होत असल्याने ना वास येतो ना थेंब दिसतो. फक्त प्रेशर पडते आणि नव्याकोऱ्या पंपाला दोष दिला जातो. नळीवर एसएई जे30 आर10 असे छापलेले असावे, कारण बुडवून वापरण्यासाठीचे मानक हेच आहे. पंपाखालची जाळी नवीच घ्यावी आणि ती टाकीच्या तळाशी सपाट बसेल अशी लावावी. ती दुमडून वर राहिली, तर पाव टाकीवर कात्रज घाटाच्या वळणांत पंप हवा ओढू लागतो. नाना पेठेत पंप घेणार असाल, तर नामांकित कंपन्यांच्या पंपांच्या नकला बाजारात येतात हे ध्यानात ठेवून विक्रेत्याकडून पक्के बिल मागावे.

पंप बदलल्याने ताकद वाढत नाही. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) उपलब्ध वेळेच्या पंचाऐंशी टक्क्यांच्या वर उघडे राहत असतील, तर अडथळा तिथे आहे.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम कदापि करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचून राहते. टाकी पाव किंवा त्याहून कमी असावी, पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा.

काम झाल्यावर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हायला लांब क्रँक घेत असेल, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (इंधन मागे येऊ न देणारी झडप) किंवा नळीचा जोड तपासावा. पंप मोठ्याने गुणगुणत असेल, तर जाळी तुंबली आहे का ते पाहावे. डायनोवर तोच लॉग पुन्हा घ्यावा आणि आधीच्या लॉगशेजारी ठेवून पाहावा. झाकणाखालचे रबरी सील नेहमी नवे घालावे, कारण जुने सील अर्ध्या टाकीवर कोरडे दिसते आणि टाकी काठोकाठ भरल्यावरच पाझरते. म्हणून टाकी पूर्ण भरून थोडे अंतर गाडी चालवावी, झाकणाभोवती बोट फिरवून ओल नाही याची खात्री करावी आणि त्यानंतरच मागची सीट परत बसवावी.