निवृत्तीनंतर कारागृहात भजन-प्रवचन: आत जाण्याआधी

सोलापूर जिल्हा कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज करा. भजन, प्रवचन की नुसती विचारपूस, कोणता वार, किती वेळ, सोबत कोण, हे सगळं त्यात आलं पाहिजे. भजनी मंडळाचं किंवा नोंदणीकृत संस्थेचं पत्र असेल तर अर्जाला वजन येतं. पेटी, पखवाज आणि टाळांच्या जोड्या नगासह लिहा, म्हणजे बाहेर पडताना मोजणीवरून गोंधळ होत नाही. वेळ आपल्या सोयीची मागू नका. दुपारी बराकी बंद असतात, संध्याकाळी मोजणी होऊन पुन्हा कुलूप लागतं.

मोबाईल घरीच ठेवा. खिशातली तंबाखूची पुडी झडतीत निघाली तर तुमच्यासोबत मंडळाचंही नाव जातं. कोणी बंदी घरी द्यायला चिठ्ठी देईल, ‘फक्त एक फोन करा’ म्हणेल. दोन्हींना नाही म्हणायचं. इथेच भले भले घसरतात, कारण मागणारा खरोखर रडत असतो.

जिल्हा कारागृहात बहुतेक जण न्यायाधीन बंदी, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. तेव्हा पाप आणि प्रायश्चित्तावर प्रवचन झोडू नका. क्रमशः पारायणही लावू नका. मधेच कुणाचा जामीन होतो, नवे येतात. प्रत्येक बैठक त्या दिवशीच पुरी व्हावी: पंधरा मिनिटं दोन-तीन अभंग, दहा मिनिटं बोलणं आणि उरलेला वेळ ऐकणं. खरं काम ऐकण्याचंच आहे. ‘काय केलंस?’ हा प्रश्न वर्ज्य.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा आणि अक्कलकोटकडचा कन्नड येणारा गडी मंडळात असेल तर निम्मं काम सोपं होतं. भजनाला बसायची सक्ती नको. कुणाला मौलवी किंवा पाद्री हवे असतील तर ती मागणी तुरुंग अधिकाऱ्यांच्या कानावर घाला.

खटल्यावर सल्ला देऊ नका. निवृत्त कारकुनांना हा मोह फार. कोठडीतल्या माणसाला १९८७च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२नुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव आणि १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा फोन क्रमांक सांगितला की पुरे. जीव देण्याची भाषा कानावर आली तर मात्र गुपित राखायचं नाही, निघण्याआधी अधिकाऱ्यांना सांगायचं.

सुटलेला माणूस पुढे एसटी स्टँडवर दिसला तर त्याने आधी हाक मारल्याशिवाय ओळख दाखवू नका. सोबत सासरची माणसं असू शकतात.